पाटील हे आडनाव की हुद्दा, आणि आजोबांच्या रेकॉर्डवरचं ‘जगताप’ कुठून आलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे घोळ होणार नाही. घरात तीन पिढ्या पाटील लावतायत. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला तर त्यावर जगताप निघालं. सातबाऱ्यावर एका चुलत्याचं आडनाव पाटील, दुसऱ्याचं जगताप. आता मुलाचा जन्मदाखला करायचाय तर त्यावर काय लावू, आणि कुणी ‘पाटील म्हणजे नक्की कोणत्या जातीतले’ असं विचारलं तर काय सांगू. वरून तुम्ही असंही लिहिलंय की ‘यातलं खरं आडनाव कोणतं ते एकदाच सांगा’.

एकदाच सांगायचं तर दोन्ही खरी आहेत. पण हे ऐकून तुमचं काम भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं काम मोडी कागद वाचायचं आणि त्यावरून वंशावळी जुळवून द्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत पाटील आणि देशमुख सगळ्यात जास्त, कारण गोंधळ याच आडनावांत जास्त आहे, पवार किंवा मोरे सहसा असा प्रश्न घेऊन येत नाहीत.

मूळ भानगड अशी की आडनाव म्हटलं की आपण धरून चालतो की ते कुळाचं नाव आहे, म्हणजे ‘आम्ही कोण’ याचं उत्तर. पाटील हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही. आमच्या घरातल्या कुणीतरी गावात काय काम केलं, याचं ते उत्तर आहे. त्यामुळे नुसतं पाटील एवढ्या शब्दावर काहीच शोधता येत नाही, गाव सांगितलं की शोध सुरू होतो. म्हणूनच तर कुणी पाटील भेटला की जुनं माणूस लगेच विचारतं, ‘कुठले पाटील?’

आता हा हुद्दा काय होता ते बघू. गावाचा मुख्य तो पाटील. जुन्या ताम्रपटांत पट्टकिल असं रूप येतं. पुढे बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या काळात फारसी वळणाच्या कागदांत त्यालाच मोकदम म्हणलंय, आणि मराठी कागदात तर दोन्ही शब्द जोडीनं येतात, ‘पाटील मोकदम मौजे अमुक’. गावचा सारा गोळा करून भरणं, तंटे ऐकणं, ओसाड रान लागवडीला आणणं, बाहेरून कुळं आणून वसवणं, गावचा बंदोबस्त हे सगळं त्याच्याकडे. हिशोब लिहायला कुलकर्णी, पाटलाच्या हाताखाली चौगुला, वर परगण्याला, म्हणजे अनेक गावांच्या गटाला, देशमुख आणि देशपांडे. लोकांना यातला मान तेवढा आठवतो. पण सारा थकला तर सरकारी माणूस आधी पाटलालाच धरून न्यायचा, त्याला ओलीस ठेवायचा, हेही तितकंच खरं. दुष्काळात गाव सोडून परागंदा झालेले पाटील कागदात भरपूर सापडतात.

हे काम वंशपरंपरेनं चालायचं, म्हणजे ते वतन होतं. वतन म्हणजे नुसती खुर्ची नाही, त्याबरोबर इनाम जमीन आणि हक्कलवाजिमा, म्हणजे ठरलेले हक्क आणि मानपान, येतो. पाटीलकीच्या महजरात, म्हणजे गावसभेपुढं झालेल्या निवाड्याच्या कागदात, त्याची लांबलचक यादी असते: तेल्याकडून तेल, चांभाराकडून वर्षाचा जोडा, होळीला पहिला मान, पोळ्याला पहिला बैल, दसऱ्याला आपट्याच्या पूजेचा मान, असं बरंच काही. मला या याद्या वाचायला फार आवडतात कारण गाव कसं चालायचं ते त्यात दिसतं. पण तुमच्या कामाचा मुद्दा पुढचा आहे.

वतन ही मालमत्ता होती. म्हणजे भावाभावांत वाटली जायची, त्या वाट्याला तक्षीम म्हणतात. थोरल्या तक्षिमेकडे वडीलपणाचा मान, धाकट्यांकडे त्या खालोखाल. आणि वतन विकताही यायचं. कर्जात बुडालेल्या किंवा साऱ्याच्या तगाद्यानं टेकीला आलेल्या पाटलानं निम्मी पाटीलकी दुसऱ्या घराण्याला विकली, असे कागद कितीतरी आहेत. विकत घेणाऱ्यांत दुसऱ्या कुळाचे मराठे असायचे, सरदार असायचे, कधी ब्राह्मणही असायचे. याचा परिणाम असा की एकाच गावात दोन पाटील घराणी, दोघांचे वाडे आहेत, पोळ्याला कुणाचा बैल आधी यावरून पिढ्यानपिढ्या वाद आहे आणि रक्ताचं नातं मात्र काहीच नाही. त्यामुळे ‘आमच्या गावातले सगळे पाटील एकच’ हे वाक्य मी कागद बघितल्याशिवाय मान्य करत नाही.

या हुद्द्याची किंमत किती होती हे बघायचं तर महादजी शिंद्यांकडे बघा. दिल्लीचा कारभार हातात असलेला माणूस, पण लोक त्यांना पाटीलबाबा म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. शिंदे घराणं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटलांचं. भोसल्यांकडेही वेरूळची पाटीलकी होती. आता गंमत बघा, शिंदे आणि भोसले दोघेही पाटील, पण त्यांनी आडनाव म्हणून पाटील लावलं नाही, कारण त्यांना कुळाचं नाव लावायला मिळालं आणि तेच गाजलं. उलट हजारो घराण्यांनी कुळाचं नाव मागे ठेवून हुद्दा पुढे केला. हे कधी झालं? माझ्या बघण्यातल्या बहुतेक घरांत इंग्रजी अमदानीत झालंय.

त्याआधीचा कागद काढला तर नाव लिहायची पद्धत अशी दिसते: स्वतःचं नाव, मग ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, बापाचं नाव, मग पाटील, मग कुळाचं आडनाव, मग गाव. ‘संताजी बिन रखमाजी पाटील जगताप मोकदम मौजे अमुक’. इथं पाटील आधी आहे आणि जगताप नंतर, कारण पाटील हा नावाला जोडलेला हुद्दा आहे. आज आपण उलटं लिहितो, ‘जगताप पाटील’. बऱ्याच कागदांत मात्र जगताप गाळून नुसतं ‘संताजी पाटील’ एवढंच असतं, कारण गावात दुसरा संताजी पाटील नव्हता आणि लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला खुलासा करायची गरजच नव्हती.

मग शाळा आल्या, जमिनीची मोजणी आली, कोर्ट आलं, पलटणीतली भरती आली, आणि प्रत्येक ठिकाणी आडनावाचा रकाना आला. मास्तरनं विचारलं, आडनाव काय? ज्यानं पोराला शाळेत नेलं त्यानं जे सांगितलं ते लागलं. वडिलांनी नेलं असेल तर कदाचित जगताप, चुलत्यानं नेलं असेल तर पाटील, आणि मास्तर गावचाच असेल तर त्यानं न विचारताच पाटील लिहिलं. एकाच घरातल्या सख्ख्या भावांची दोन आडनावं मी रजिस्टरात शेजारच्या पानांवर बघितलीयत. तेव्हा तुमच्या आजोबांच्या उताऱ्यावर जगताप असणं ही चूक नाही आणि लबाडीही नाही. उलट तुमचं नशीब चांगलं की कुणीतरी ते लिहून ठेवलं, कित्येक पाटलांना कुळाचं आडनाव शोधायला फार लांब जावं लागतं.

तुम्हाला हा घोळ आपल्याच घरात आहे असं वाटत असेल तर क्रांतिसिंह नाना पाटील आठवा, प्रतिसरकारवाले. त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. राज्याला ते पाटील म्हणूनच माहीत. दुसरीकडे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, सहकारी साखर कारखान्याचे, त्या घरानं कुळाचं नाव आणि हुद्दा दोन्ही ठेवलं. आणि प्रतिभाताई पाटील, माजी राष्ट्रपती, त्यांच्या यजमानांचं आडनाव शेखावत, पण त्या माहेरच्या पाटील नावानंच राजकारणात राहिल्या. तीन माणसं आणि तीन वेगळे मार्ग, आणि तिघांपैकी कुणाचंच आडनाव खोटं नाही.

आता जातीचा प्रश्न. पाटील ही जात नाही. गावात ज्या समाजाची वस्ती आधीची किंवा मोठी, सहसा त्यातला पाटील. देशावर मराठा-कुणबी पाटील जास्त. सांगली-कोल्हापूरकडे जैन आणि लिंगायत पाटील मोठ्या संख्येनं, कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते. जळगावकडे लेवा पाटील, तिथं तर हा शब्द समाजाच्याच नावात शिरलाय. ठाणे-रायगडात आगरी आणि कोळी पाटील, नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील आगरी समाजातले. कोळीवाड्यात तर गावाचाच नाही, जमातीचा प्रमुख म्हणूनही पाटील असायचा, न्यायनिवाडा करणारा. माळी, धनगर, वंजारी यांच्यात पाटील आहेत, दक्षिणेकडच्या पट्ट्यात मुसलमान पाटील आहेत, ब्राह्मणांत कमी पण आहेत. सीमेपलीकडे कर्नाटकातही पाटील भरपूर, गुजरात-मध्य प्रदेशात त्याचाच भाऊबंद पटेल.

मराठवाडा आणि कलबुर्गीकडे एक वेगळाच प्रकार आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. निजामाच्या राज्यात सारा बघणारा माली पाटील आणि बंदोबस्त बघणारा पोलीस पाटील असे दोन वेगळे हुद्दे असायचे, आणि तिकडे आजही मालीपाटील आणि पोलीसपाटील अशी आडनावं आहेत. या मालीचा माळी समाजाशी काही संबंध नाही, तो ‘माल’ म्हणजे महसुलातला माली आहे. पण नोंदी बघणाऱ्या एखाद्या नवख्या क्लार्कनं तिथं माळी वाचलं की पुढं केवढा गोंधळ होतो याची कल्पना करा.

विदर्भात आणि खानदेशात तर आणखी सैल वापर. जरा बरी शेती असलेल्या कुणाही वडीलधाऱ्या शेतकऱ्याला ‘काय पाटील’ म्हणून हाक मारतात, त्याच्या घरात कधी पाटीलकी असो वा नसो. मग अशी हाक दोन पिढ्या चालली आणि पोरगं शाळेत गेलं की झालं आडनाव. तेव्हा पाटील आडनाव आहे म्हणजे घरात पाटीलकी होतीच, हेही धरून चालू नका. वतनदार पाटील, त्यांचे भाऊबंद ज्यांनी कधी पाटीलकी केली नाही पण नाव लावलं, पाटीलकी विकत घेतलेले, आणि नुसत्या हाकेचे पाटील, हे सगळे आज फोनच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये सारखेच दिसतात.

आजचा पोलीस पाटील हा अजून वेगळा विषय, लोक त्याची सरमिसळ करतात म्हणून सांगतो. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यानं ही वंशपरंपरागत कामं नियमात बसवली, वतनदार घराण्यातल्या कुणी प्रत्यक्ष काम करायचं आणि कुणाचा किती हिस्सा हे रजिस्टरात आलं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटलाचं, म्हणजे सारा बघणाऱ्या पाटलाचं, पद रद्द झालं. आणि १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली जो पोलीस पाटील नेमतात तो अर्ज मागवून, परीक्षा घेऊन, आरक्षण लावून प्रांताधिकारी नेमतात. त्यात बायका आहेत, सगळ्या समाजाचे लोक आहेत. तेव्हा एखाद्याचे वडील पोलीस पाटील होते यावरून जुनी पाटीलकी सिद्ध होत नाही, आणि १९६७ नंतरची ती नेमणूक वंशावळीच्या कामाला पुरावा म्हणून फारशी उपयोगी नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: पाटील हा हुद्दा, जगताप हे कुळाचं नाव, रजिस्टरात दोन्हीपैकी काहीही लागू शकत होतं, आणि पाटील या शब्दावरून जात किंवा नातं यातलं काहीच ठरत नाही. आता तुम्ही काय करायचं.

पहिलं काम, आडनाव बाजूला ठेवा आणि गाव पक्कं करा. आज राहता ते गाव नाही, पणजोबांची जमीन ज्या गावात होती ते. सातबाऱ्यावर चुलत्यांच्या नावाखाली फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद) नंबर असतो, तो घेऊन मागे मागे जायचं. प्रत्येक फेरफारात आधीच्या माणसाचं नाव आणि त्याचा नव्या माणसाशी संबंध लिहिलेला असतो, ‘मयत, वारस मुलगे’ असं. ही साखळी तुटली नाही पाहिजे. तुमच्या केसमध्ये हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरणार आहे कारण पाटील आणि जगताप ही एकाच घरातली माणसं आहेत हे तिथं सरकारी हस्ताक्षरात सापडेल. बऱ्याचदा ‘पाटील ऊर्फ जगताप’ किंवा ‘जगताप पाटील’ असं मधल्या एखाद्या नोंदीत असतंच.

दुसरं, गाव नमुना १४ म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, बरीच मोडीत असते. त्यात बापाचं नाव, जात, गाव असतं, आडनाव मात्र असेलच असं नाही. मराठवाड्यातले असाल तर खासरा पत्रकही बघा. भूमी अभिलेखकडे मोजणीचे जुने कागद असतात. आणि इनाम जमीन असेल तर वतनाचं रजिस्टर किंवा १९६२ नंतर ती जमीन वतनदाराला परत दिल्याची नोंद शोधा, अशा जमिनी सातबाऱ्यावर बहुतेक वेळा भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागणाऱ्या, म्हणून दिसतात. तिथं पाटीलकीचा थेट पुरावा मिळतो. त्याच्याही मागे जायची हौस असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि भारत इतिहास संशोधक मंडळात घराण्यांची दफ्तरं आहेत. पण तिथं गावाचं आणि परगण्याचं नाव न घेता गेलात तर दोन दिवस नुसते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघून परत याल.

तिसरं, जे कागदात नाही ते माणसांकडे आहे. लग्नात तुमचं देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह (झाड, पान वगैरे), कोणतं धरतात ते आत्याला किंवा चुलत आजीला विचारा. कुलस्वामी कोण, जत्रेला कुठं जाता, सुतकात कोण कोण येतं. हे सुतकाचं मी मुद्दाम विचारतो कारण पैशाचा, जमिनीचा वाद झालेले भाऊबंद सगळं सोडतात पण सुतक सहसा पाळतात, त्यामुळे कुणाशी रक्ताचं नातं आहे ते त्यावरून लगेच कळतं. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडचे असाल तर हेळवी येतात का विचारा, बैल घेऊन दारोदार फिरून वंशावळ सांगणारे, त्यांच्याकडे पिढीजात नोंदी असतात. खानदेशात भाट असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घरचं कुणी श्राद्धाला गेलं असेल तर त्याच्या हातची नोंद सापडू शकते, तिथंही वही गावाच्या नावानं काढतात. यातलं तोंडी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं धरू नका, सगळ्याच घराण्यांना आपण कुठल्यातरी राजाच्या वंशातले असावं असं वाटतं आणि सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. पण पाच-सहा पिढ्यांची नावं आणि कुठून कुठं आले एवढा भाग बहुतेक वेळा कागदाशी जुळतो.

याच्याच ओघात एक, कारण हा प्रश्नही वारंवार येतो: पाटील-पाटील लग्न चालतं का? दोन्हीकडं पाटील आहे म्हणून नातं ठरतही नाही आणि मोडतही नाही. कुळी आणि देवक बघतात ते त्यासाठीच. मुलगी लग्नाआधीही पाटील आणि नंतरही पाटील राहिली म्हणून एखादा नातेवाईक नाक मुरडतो, त्याला कुळाचं आडनाव सांगा म्हणजे गप्प बसेल.

जातीच्या दाखल्यासाठी हे सगळं लागणार असेल तर जरा वेगळं बघावं लागतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांकडे गर्दी आहे, आणि त्यात पाटलांचे कागद खूप आहेत. लोक आडनाव जुळतंय का तेच बघत बसतात. दाखल्याला बघतात ते रजिस्टरातला जातीचा रकाना आणि त्या माणसापासून तुमच्यापर्यंतची वंशावळ. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे आजोबांचा उतारा नक्की कोणत्या सालचा आहे ते आधी बघा. आडनाव बदललेलं चालतं, पण का बदललं ते प्रतिज्ञापत्रात साध्या भाषेत लिहावं लागतं आणि त्याला फेरफाराचा आधार जोडावा लागतो. गावातल्या दुसऱ्या कुणा पाटलाची कुणबी नोंद सापडली म्हणून ती तुम्हाला लागू होत नाही, मघाशी सांगितलं तसं तो पाटील तुमचा भाऊबंद आहे हे आधी दाखवावं लागेल.

आता मुलाचं नाव. यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, पण माझं मत विचारलंत तर पाटीलच ठेवा. तुमची दहावीची सनद, आधार, पॅन, पासपोर्ट सगळं पाटील आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा मुख्य पुरावा झालाय, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. त्या दाखल्यावर बाप पाटील आणि मुलगा जगताप असं करून ठेवलंत तर तुमच्या आजोबांनी तुम्हाला जो प्रश्न दिला तोच तुम्ही नातवाला देताय, फक्त उलट्या बाजूनं. कुळाचं नाव जपायची इच्छा मला समजते, मी स्वतः त्याच कामात आहे. पण ते वंशावळीत, लग्नपत्रिकेत, घराच्या पाटीवर ‘जगताप पाटील’ म्हणून लावा, तिथं कुणी अडवत नाही.

तरी हट्टच असेल की कागदोपत्री जगताप व्हायचं, तर आधी स्वतःचं नाव राजपत्रात बदलून घ्या, मग तुमचे बाकीचे कागद, आणि मग मुलाचं. हाच क्रम ठेवा. राजपत्र निघाल्यानं जुनी प्रमाणपत्रं आपोआप बदलत नाहीत, ती प्रत्येक वेळी राजपत्राची प्रत जोडून दाखवावी लागतात. जोडआडनाव घ्यायचं असेल तर ते सगळीकडे एकाच स्पेलिंगनं आणि एकाच क्रमानं जाईल याची काळजी घ्या, ऑनलाइन फॉर्म एका ठिकाणी जगतापला मधलं नाव समजतो आणि दुसऱ्या ठिकाणी पाटील कापून टाकतो, आणि मग बँकेत केवायसीला अडकतं.

सातबाऱ्यावरच्या दोन चुलत्यांचं मात्र टाळू नका. दोघं हयात आहेत तोवर करून घ्या. नुसता लिहिण्यातला फरक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, सोबत दोघांचं ‘ही एकच घरची माणसं’ असं प्रतिज्ञापत्र आणि जुना फेरफार. हे राहून गेलं आणि पुढं वारस लावायची वेळ आली की मग तलाठ्यापासून वकिलापर्यंत सगळे विचारणार, हे जगताप कोण.

एक शेवटची कामाची गोष्ट. मोडी कागद सापडला तर फोटो पूर्ण पानाचा काढा, चारी कोपरे आणि मागची बाजूसुद्धा. लोक वरच्या चार ओळींचा फोटो पाठवतात आणि विचारतात यात आमचं नाव आहे का. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ यात काही अर्थ शोधत बसू नका. खरा माल खाली असतो, साक्षीदारांच्या यादीत. तिथं गावचे पाटील, चौगुले, शेजारच्या गावचे पाटील, बलुतेदार एकाखाली एक येतात, आणि पाटलाच्या नावापुढे सही म्हणून नांगराचं छोटं चित्र काढलेलं असतं, निशाणी नांगर. एकाच कागदावर दोन-तीन नांगर दिसले तर त्या नावांची पूर्ण ओळ नीट वाचून घ्या, कोण कुणाचा बिन आणि पाटील शब्दाच्या पुढं काय लिहिलंय ते. तुमच्या गावात पाटलांच्या तक्षिमा किती होत्या आणि त्यातली जगतापांची कोणती, ते बहुधा तिथंच कळेल.